तलाव दोन फूट उतरवला तर बेसमेंट वाचेल का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. ठाण्यात घोडबंदर रस्त्याच्या बाजूला साधारण एक हेक्टरचा तलाव आहे, त्याच्या काठी तुमची सोसायटी आणि तुम्ही तिचे सेक्रेटरी. गेल्या जुलैत बेसमेंटच्या पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी भरलं, दोन लिफ्टच्या खड्ड्यांत पाणी गेलं. समोरच्या काठावरच्या तीन इमारती आणि बंगलेवाले सांडव्यावर (तलाव भरला की जादा पाणी जिथून बाहेर पडतं त्या बुटक्या भिंतीवर) फळ्या आणि वाळूच्या गोण्या लावून पाणी अडवतात, कारण उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठाचा चिखल उघडा पडतो, वास सुटतो आणि त्यांच्या बोअरला पाणी राहत नाही. तुम्हाला पावसाळ्याआधी तलाव दोन फूट उतरवून हवाय, ते तयार नाहीत. वकिलाची नोटीस पाठवावी का, असं तुम्ही विचारलंय. शिवाय बेसमेंटमधलं पाणी पंपाने तलावात सोडलं तर चालेल का, हेही विचारलंय.

नोटीस आत्ता पाठवू नका. तुम्ही चूक आहात असं नाही, पण ज्या गोष्टीसाठी भांडताय ती मिळाली तरी बेसमेंट वाचणार नाही. ते का, हे आकड्यांनीच पाहू. आकडे सोपे आहेत, पाठकोऱ्या कागदावर होतात.

एक हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर. तलावात एक सेंटिमीटर पाणी वाढलं की शंभर घनमीटर, म्हणजे एक लाख लिटर पाणी वाढलं. आता या तलावात पाणी कुठून येतं ते पाहा. आजूबाजूच्या इमारतींच्या गच्च्या, अंतर्गत रस्ते, पार्किंग आणि डोंगराकडून येणारी एखादी गटारलाइन मिळून दहा हेक्टर धरू. त्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातलं ८० टक्के पाणी वाहून आलं, तर आठ हजार घनमीटर पाणी तलावाकडे येतं. बाहेर काहीच गेलं नाही तर पातळी ८० सेंटिमीटर चढेल.

मग दोन फूट, म्हणजे ६० सेंटिमीटर रिकामी जागा तुम्हाला काय देते? सहा हजार घनमीटर. ही जागा ७५ मिलिमीटर पावसात भरते. हवामान खात्याच्या भाषेत दिवसाला ६४.५ मिलिमीटरपासून पुढे ‘जोरदार’ आणि ११५.६ पासून ‘अतिजोरदार’ पाऊस. म्हणजे अतिजोरदार दिवशी तुमचे दोन फूट दुपारपर्यंत संपलेले असतील. आणि जुलैतला पाऊस एक दिवस पडून थांबत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नवीन सर येते तेव्हा तलाव काठोकाठ असतो आणि तुम्ही मेमध्ये केलेल्या उपशाचा काहीही उपयोग उरलेला नसतो. उतरवलेली पातळी एकदाच कामाला येते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. तसल्या दिवसापुढे दोन फुटांचा हिशेबच लागत नाही.

हे पूर्वी असं नव्हतं. ठाण्याचे तलाव खोदले गेले तेव्हा वरच्या अंगाला माळ, झाडी आणि खालच्या अंगाला भातखाचरं होती. पडलेल्या पावसातलं बरंच पाणी जमिनीत मुरायचं, उरलेलं रमतगमत तलावात यायचं, सांडव्यावरून निघून शेतात पसरायचं. आता वर काँक्रीट आहे, त्यामुळे तेच पाणी अर्ध्या-पाऊण तासात येऊन आदळतं. खाली शेत नाही, एक बंदिस्त नाला आहे. सांडवा मात्र बहुतेक ठिकाणी जुन्याच मापाचा राहिलाय. ‘तलावांचं शहर’ म्हणून आपण मिरवतो, पण एखाद्या तलावाचा सांडवा किती फूट रुंद आहे हे काठावर राहणाऱ्या दहा माणसांना विचारा, एकालाही सांगता येणार नाही. मला याची खंत वाटते, कारण तुमच्या भांडणाचं मूळ तिथे आहे.

तर मोजायचा तो सांडवा. समजा तुमचा सांडवा दोन मीटर रुंद आहे. तासाला ५० मिलिमीटरची सर पडत असेल, तर आपल्या दहा हेक्टरांवरून, तेच ८० टक्के धरून, सेकंदाला साधारण १.१ घनमीटर पाणी येतं. एवढं पाणी दोन मीटरच्या सांडव्यावरून जायचं तर पाण्याला सांडव्याच्या माथ्याच्या, म्हणजे वरच्या कडेच्या, वर सुमारे ४७ सेंटिमीटर चढावं लागतं. तोच सांडवा चार मीटरचा केला तर ३० सेंटिमीटर चढून भागतं, सहा मीटरचा केला तर २३. म्हणजे तलावाची नेहमीची पातळी एक बोटभरही न उतरवता पुराची पातळी १७ ते २४ सेंटिमीटर खाली येते. आणि हे प्रत्येक सरीला, प्रत्येक दिवशी होतं, पावसाळ्यातून एकदाच नाही. जागा नसेल तर सांडव्याची भिंत सरळ न ठेवता तलावात पुढे आलेल्या चोचीसारखी वळवून घेता येते. तेवढ्याच रुंदीत माथ्याची लांबी दुप्पट मिळते. कालव्यांवर असे सांडवे आपल्याकडे आहेत, ‘डकबिल’ म्हटलं की जलसंपदातल्या कुणालाही कळतं.

समोरच्या लोकांच्या फळ्या आणि गोण्या खरा घात इथेच करतात. त्यांनी एक फूट पाणी जास्त अडवलं, एवढंच तुम्हाला दिसतं. पण गोण्या वेड्यावाकड्या रचल्या की सांडव्याची रुंदीही कमी होते. वर प्लॅस्टिक, जलपर्णी आणि निर्माल्य येऊन अडकतं. दोन मीटरचा सांडवा प्रत्यक्षात सव्वा मीटरचा होतो आणि ४७ सेंटिमीटरचे ६५ होतात. तुमच्या बेसमेंटमध्ये शिरलं ते पाणी बहुतेक हेच.

आता त्यांची बाजू बघा, कारण त्यांचंही खोटं नाही. एप्रिल-मेमध्ये उघड्या तलावातून रोज पाच-सहा मिलिमीटर पाण्याची वाफ होते. मार्च ते मे या तीन महिन्यांत तलाव आपोआप अर्धा मीटर उतरतो. त्यात पाणी आधीच उतरवलेलं असेल तर काठचा गाळ उघडा पडतो, मासे उरलेल्या डबक्यात दाटीने राहतात आणि पहिल्या पावसात गाळ ढवळला की प्राणवायू संपून मरतात. त्या वासात राहायची वेळ आली की माणूस गोण्या टाकणारच.

पण याच आकड्यात तुमच्या भांडणाचं उत्तर आहे. मेअखेरीला तलाव सांडव्याच्या माथ्यापासून अर्धा मीटर खाली गेलेलाच असतो. तुम्ही जे दोन फूट मागताय त्यातलं बरंचसं ऊन तुम्हाला फुकट देतं. तुम्हाला फळ्या नको आहेत त्या जून ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. त्यांना हव्या आहेत त्या ऑक्टोबर ते मे. तुमचे महिने एकमेकांवर येतच नाहीत! भांडण होतं ते फक्त एकदा लावलेल्या फळ्या वेळेत कुणी काढत नाही म्हणून.

त्यांना एकच भीती राहते: फळ्या काढल्या आणि नंतर तलाव भरलाच नाही तर? त्याचंही उत्तर मघाच्याच गणितात आहे. एक फूट फळी पुन्हा लावली तर तीन हजार घनमीटर पाणी साठायला हवं, म्हणजे जेमतेम ३७-३८ मिलिमीटर पाऊस. आपल्याकडून मान्सून परतायची सरासरी तारीख आता ८ ऑक्टोबर धरतात. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पहिली फळी आणि महिनाअखेरीला दुसरी लावली, तर परतीच्या पावसाच्या एक-दोन सरींत तलाव भरतो. हे गणित त्यांच्यासमोर कागदावर करून दाखवा. मी करून दाखवलंय. माणसं कॅल्क्युलेटर काढून स्वतः पडताळतात आणि मग आवाज खाली येतात.

सांडवा रुंद करायचा आग्रह धरण्याआधी एक गोष्ट भर पावसात करून बघा. छत्री घ्या आणि सांडव्यापाशी जाऊन उभे राहा. पाणी माथ्यावरून खाली पडताना धबधब असा आवाज येत असेल, खाली फेस दिसत असेल, तर सांडवा मोकळा आहे आणि त्याची रुंदी वाढवल्याचा फायदा होईल. आवाज येत नसेल, तलावाचं आणि नाल्याचं पाणी एकाच सपाटीत दिसत असेल, वर तरंगणारी बाटली पुढे जायचं सोडून जागच्या जागी फिरत असेल, तर सांडवा बुडालाय. मग दोष खाली आहे: रस्त्याखालची तुंबलेली मोरी, नाल्यात मधूनच गेलेला केबलचा पाइप, गाळ किंवा खाडीची भरती. अशा वेळी सांडवा वीस मीटर केला तरी काही फरक पडणार नाही, उलट नाल्याचं पाणी तलावात शिरायला वाट मोकळी होईल. एका कामावर आम्ही तीन महिने सांडव्याची आकडेमोड करत बसलो होतो आणि शेवटी नाल्यावरच्या एका मोरीत अडकलेली गादी निघाली. तेव्हापासून मी आधी पावसात जाऊन ऐकतो.

नाला खाडीला सखल भागात मिळत असेल तर भरतीची वेळ माहीत हवी. कोळी बांधवांचा जुना हिशेब आहे: तिथीला तीनने गुणा, चारने भागा, भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. हा समुद्रकिनाऱ्याचा हिशेब. ठाण्याच्या खाडीत पाणी आत यायला आणखी थोडा वेळ लागतो. नेमक्या वेळा भरतीच्या तक्त्यात मिळतात, पण काठावरच्या माणसाला हे तोंडपाठ असलं की अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास दुपारी कोसळणारा पाऊस जास्त धोक्याचा का, हे लगेच कळतं.

आता तुमच्या बेसमेंटकडे येतो. पाणी तलावाचंच आहे, याची खात्री केलीत का? माझा अनुभव असा की अशा तक्रारींत निम्म्या वेळा पाणी दुसरीकडून येतं. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी घ्या आणि तीन जागा एकमेकांशी पडताळा: सांडव्याचा माथा, तुमच्या रॅम्पचा सर्वांत उंच भाग आणि तुमची पावसाळी पाइपलाइन तलावात जिथे उघडते ते तोंड. ते तोंड सांडव्याच्या माथ्यापेक्षा खाली असेल तर तलाव भरला की पाणी त्याच पाइपातून उलटं तुमच्या आवारात येतं, जाळीतून वर उमलतं आणि रॅम्पवरून खाली जातं. लोकांना वाटतं भिंतीतून पाझरलं. यावर उपाय पाइप तुमच्या आवारातून बाहेर पडतो तिथे एकतर्फी झडप आणि रॅम्पच्या सुरुवातीला सहा-आठ इंचांचा उंचवटा. दोन्ही तुमच्याच आवारात होतं, कुणाची परवानगी लागत नाही, कुणाशी भांडावं लागत नाही. हे काम या उन्हाळ्यात कराच.

खरोखर भिंतीतून पाझरत असेल तर ते पाणी पाऊस थांबल्यावरही दिवसेंदिवस येत राहतं आणि तलावाच्या पातळीबरोबर हळूहळू कमी होतं. बेसमेंटच्या खड्ड्यातली पातळी आणि तलावाची पातळी आठ दिवस रोज एका वेळी मोजून लिहा. दोन्ही रेघा सोबत खाली आल्या तर तलाव. एक खाली आली आणि दुसरी तिथेच राहिली तर फुटलेली जलवाहिनी किंवा मलवाहिनी शोधा.

एक इशारा देणं माझं कर्तव्य आहे, कारण या बाबतीत मी स्वतः चुकलोय. तलाव कधीही घाईने उतरवू नका. काही वर्षांपूर्वी एका तलावावर रहिवाशांच्या दबावाखाली मी दोन दिवसांत तीन फूट पाणी उतरवायला होकार दिला. काठाची दगडी भिंत जुनी होती, तिच्यातली पाझरछिद्रं (मागच्या मातीतलं पाणी बाहेर यायला ठेवलेली भोकं) गाळाने आणि मुळांनी बुजली होती. समोरचं पाणी गेलं, पण भिंतीमागची माती पाण्याने भिजून जड तशीच राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी गेलो तेव्हा पादचारी मार्गाच्या फरशा आणि भिंतीचा माथा यांच्यामध्ये भेग पडली होती. आत चार बोटं सरळ गेली आणि आतली माती थंड, ओली लागली. दुपारपर्यंत आठ-दहा मीटर भिंत तलावात ओणवी झाली. कुणाला इजा झाली नाही, कारण सकाळीच दोरी बांधून मार्ग बंद केला होता. तो दिवस मी विसरलेलो नाही. तेव्हापासून माझा नियम आहे: दिवसाला दहा सेंटिमीटरपेक्षा जास्त नाही, आणि आधी पाझरछिद्रं साफ. तुम्ही नोटीस देऊन, दबाव आणून मेअखेरीला घाईघाईने तलाव उपसायला लावलात, तर समोरच्या बंगल्यांच्या भिंतीचं काय होईल याचाही विचार करा.

तलावाचा सांडवा किंवा त्यावरच्या फळ्या यांपैकी कशालाही हात लावायचा अधिकार तुम्हाला नाही आणि त्यांनाही नाही. काठावर घर आहे म्हणून पाणी आपलं होत नाही. तलाव सार्वजनिक आहे. फळी लावायची, काढायची ती पालिकेने. तुम्ही दोघांनी मिळून एक ठरलेलं वेळापत्रक घेऊन गेलात तर काम होण्याची शक्यता वाढते. दोन सोसायट्यांचे दोन उलटे अर्ज आले तर कुठलाही अधिकारी दोन्ही बाजूला ठेवेल, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

बैठक एप्रिलमध्ये घ्या, संध्याकाळी, सोसायटीच्या ऑफिसात नको, सांडव्यापाशी घ्या. पाणी समोर असलं की माणसं मोघम बोलत नाहीत. गावठाणातल्या एखाद्या जुन्या माणसाला आग्रहाने बोलवा. एका बैठकीत दोन तास वाद चालला होता की पूर्वी पाणी कुठपर्यंत यायचं. शेवटी मागे उभ्या असलेल्या एका आजोबांनी चप्पल काढली, घाटाच्या पायऱ्या उतरले आणि पाचव्या पायरीवर पाय ठेवून म्हणाले, ‘नारळी पुनवेला पाणी हितवर. याच्या वर गेलं की आमचा बाप सांडवा साफ कराया पोरं धाडायचा.’ पुढे आम्ही पातळी मोजली तेव्हा सांडव्याचा जुना माथा आणि ती पायरी यांत दोन बोटांचाही फरक निघाला नाही.

तुमच्या बैठकीत एकच गोष्ट पदरात पाडून घ्या: सर्वांना दिसेल अशी, पाण्याची पातळी दाखवणारी मोजपट्टी. घाटाच्या भिंतीवर किंवा सांडव्याच्या बाजूला, सेंटिमीटरच्या खुणा आणि तीन रंग. पिवळा पट्टा फळ्यांच्या माथ्यापर्यंत, ही ऑक्टोबर ते मेची पातळी. हिरवा पट्टा सांडव्याच्या मूळ माथ्यापर्यंत, ही पावसाळ्याची. लाल पट्टा तुमच्या रॅम्पच्या उंचवट्याच्या वीतभर खाली सुरू होणारा. रंग ऑइलपेंट नको, दोन पावसांत जातो. चिनीमातीच्या रंगीत टाइल्सचे तुकडे सिमेंटमध्ये बसवून घ्या. रोजची नोंद कुणी एकाने ठेवायची. आमच्या एका तलावावर ती जबाबदारी समोरच्या काठावरच्या एका ताईंनी घेतली, ज्या सर्वांत मोठ्याने फळ्यांच्या बाजूने बोलत होत्या. सकाळी फिरायला जाताना पट्टीचा फोटो काढायच्या आणि दोन्ही सोसायट्यांच्या ग्रुपवर टाकायच्या. ऑगस्टमध्ये एका रात्री पातळी लालच्या जवळ गेली तेव्हा सांडव्यावरची जलपर्णी काढा म्हणून पहिला फोन त्यांनीच केला.

छटपूजेचं आणि विसर्जनाचं वेळापत्रकात लिहून ठेवा. विसर्जनाच्या वेळी बहुतेक वर्षी फळ्या नसतात, त्यामुळे घाटाच्या खालच्या पायऱ्या उघड्या आणि शेवाळलेल्या असतात. त्या आदल्या आठवड्यात घासून घ्या. छटपूजा दिवाळीनंतर सहाव्या दिवशी, तेव्हा तलाव पूर्ण भरलेला असतो, तर पाण्यात उभं राहणाऱ्यांसाठी दोरी बांधून खोली दाखवा.

तुमचे नातेवाईक वाशीला राहतात आणि तिथे तलाव रिकामा ठेवतात, असं तुम्ही लिहिलंय. ते वेगळं प्रकरण आहे. नवी मुंबईतले धारण तलाव (पावसाचं पाणी तात्पुरतं थांबवणारे तलाव) ते शहर वसवणाऱ्या सिडकोने खाडीलगतच्या सखल जमिनीसाठी डच पद्धतीने बांधले. भरतीच्या वेळी झडपा बंद होतात, शहराचं पावसाचं पाणी तलावात थांबतं आणि ओहोटीला झडपा उघडून खाडीत जातं. तो तलाव रोज दोनदा रिकामा होतो म्हणूनच त्याचा उपयोग. त्यांची अडचण गाळाची आहे, आणि गाळात कांदळवन उगवलं की उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय हात लावता येत नाही. तुमच्या तलावाला ओहोटी नाही, त्यामुळे तो नियम इथे लागू करू नका.

राहिला पंपाचा प्रश्न. बेसमेंटचं पाणी तलावात सोडू नका. त्यात गाड्यांचं तेल असतं, बऱ्याचदा मलवाहिनीचं पाणी मिसळलेलं असतं, आणि तलाव भरलेला असताना सोडलेलं पाणी त्याच उलट्या वाटेने तुमच्याकडे परत येतं. पंप रात्रभर तेच पाणी फिरवत बसतो. पंपाचा पाइप सांडव्याच्या पलीकडे पावसाळी गटारात न्या, त्यावरही एकतर्फी झडप बसवा, आणि पंपाची मोटर व स्टार्टर बेसमेंटमध्ये न ठेवता तळमजल्यावर चढवून घ्या. गेल्या जुलैत तुमचा पंप चालू झाला नाही असं तुम्ही लिहिलंय. स्टार्टर पाण्याखाली गेला असणार. हे काम झडपेच्या कामाबरोबरच, मे संपायच्या आत उरकून घ्या.